खिडकीच्या काचेची प्लेट भट्टीतून चांगली निघते, तिसऱ्या दिवशी तडकते – कुठं चुकतंय?

शहापूरची_भट्टी:

नमस्कार मंडळी. साध्या फ्लोट, म्हणजे खिडकीच्या काचेच्या प्लेटी करतेय आणि तीन दुखणी काही केल्या सुटेनात. माहिती सगळी एकदमच देते, म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

भट्टी मातीकामाचीच आहे, वरून उघडणारी. आतून ४५ × ४५ सेंमी, खोली ३५. कॉइल चारी भिंतींत, झाकणात नाही. ४ किलोवॅट, सिंगल फेज. कंट्रोलर रॅम्प-सोकचा (चढ आणि थांबे लावता येतात असा), के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मागच्या भिंतीतून आत आलंय. काच ४ मिमीची, दोन थर, २८ सेंमीचा गोल. दोन थरांच्या मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याची पानं आणि काहींत हिरव्या बांगड्यांचे तुकडे. फळीवर किलनवॉशचा (काच चिकटू नये म्हणून लावायच्या लेपाचा) एक जाडसर हात. प्रोग्रॅम: ताशी ३०० अंशानं ८०० पर्यंत, तिथं ३० मिनिटं, मग बंद. सकाळी झाकण उघडते.

आता दुखणी. काही प्लेटी दोन-तीन दिवसांनी शेल्फवर ठेवल्या ठिकाणी तडकतात, कुणी हात लावलेला नसतो. मधोमध मोठा फुगा येतो, कधी लिंबाएवढा. आणि वरच्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा धुरकट पापुद्रा धरतो. तीच प्लेट परत साच्यात बसवली की आतल्या बाजूला अजूनच धुकं.

बांगड्यांमुळं होतंय की भट्टीच चुकीची घेतली?

उद्यमबाग_९:

भट्टी चुकीची नाही अक्का, फक्त काचेसाठी ती वेगळ्या पद्धतीनं चालवावी लागते. मी तेवढं तड्याचं सांगतो, फुग्याचं आणि धुक्याचं बाकीचे सांगतील.

प्रोग्रॅमला हात लावायच्या आधी तडकलेले तुकडे हातात घ्या आणि तड्याच्या कडेवरून नख फिरवा. कड गोल, वितळून गुळगुळीत झालेली असेल तर काच तापताना फुटली आणि नंतर वरच्या तापमानाला कडा मऊ झाल्या. म्हणजे चढ फार जलद होता. कड धारदार, बोट कापेल अशी असेल तर काच उतरताना किंवा गार झाल्यावर फुटली. तुमच्या प्लेटी तीन दिवसांनी जातात, त्यामुळं कड धारदारच असणार.

धारदार तड्यातही दोन जाती. प्लेटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नदीसारखा वळत गेलेला तडा, तो अ‍ॅनीलिंगचा, म्हणजे काच सावकाश गार करून आतला ताण काढण्यात कसर राहिल्याचा. बांगडीच्या तुकड्याभोवती गोल फिरलेला किंवा तुकड्यापाशी सुरू होऊन तिथंच घुटमळणारा, तो दोन काचांचं जमत नसल्याचा. तुमच्याकडं बहुतेक दोन्ही सापडतील.

आधी अ‍ॅनीलिंग. ८०० वरून भट्टी बंद केली की प्लेटीचा पृष्ठभाग आणि कडा आधी गोठतात, पोट मागाहून. पोट आक्रसताना बाहेरचा भाग त्याला सोडत नाही आणि तो ताण कायमचा आत बसतो. लगेच फुटलं नाही म्हणजे वाचलं असं नसतं. कापताना कडेला राहिलेली बारीक चीर ताणाखाली हळूहळू पुढं सरकते आणि हवेतली वाफ तिला मदत करते. म्हणून चार दिवसांनी, त्यातही पावसाळ्यात, रात्री खट्ट आवाज येतो.

फ्लोट काचेचा ताण ५५० च्या आसपास सुटतो. तिथं सगळी प्लेट एकसारख्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं आणि मग सावकाश उतरायचं. तुमच्या ८ मिमीसाठी असा प्रोग्रॅम लावा:

ताशी १५० नं ५४० पर्यंत, १० मिनिटं थांबा.
ताशी ६० नं ६९० पर्यंत, ४० मिनिटं.
ताशी २५० नं ८२५ पर्यंत, १० मिनिटं.
जितकं जलद उतरेल तितकं ५५० पर्यंत, ९० मिनिटं.
ताशी ५० नं ४९०.
ताशी ९० नं ४३०.
तिथून बंद. झाकण ६० च्या खाली आल्याशिवाय उघडायचं नाही, फटसुद्धा नको.

"जितकं जलद" म्हणजे झाकण उचलून नव्हे. भट्टीला तिच्या वेगानं उतरू द्या, ८२५ वरून सुरुवातीला ती भरभर उतरते.

या वेळा ८ मिमी सपाट, सारख्या जाडीच्या प्लेटीसाठी आहेत. तुकडे वर उठून राहतील असं अर्धवट चिकटवलं असेल तर सगळ्यात जाड जागा मोजा, तिची दुप्पट धरा आणि त्या जाडीचं अ‍ॅनीलिंग द्या. १६ मिमी धरलीत तर ५५० ला तीन तास आणि पुढचा उतार ताशी २५.

आता बांगड्या. प्रत्येक काच तापली की किती वाढते याचा आकडा असतो. फ्लोटचा साधारण ८५, म्हणजे दर अंशाला लांबीच्या एक कोटी भागांत ८५ भाग. स्टुडिओसाठी बनणारी बुलसाय काच ९० ची, ओशनसाइड ९६ ची. ५०० अंश उतरताना २८ सेंमीच्या प्लेटीत ८५ आणि ९६ यांच्यातला फरक जेमतेम ०.१५ मिमी भरतो. काचेला तेवढा पुरतो. आणि तो फरक कितीही सावकाश उतरलात तरी जात नाही. बांगडीचा आकडा कुणाच्या डब्यावर लिहिलेला नसतो, एकाच पेटीतल्या दोन रंगांचा वेगळा असू शकतो. बाटल्यांचंही तेच: एका बाटलीची काच त्याच बाटलीशी जमते, शेजारच्या बाटलीशी जमेल याची खात्री नाही.

खानापूर_माती:

उद्यमबागच्या दादांनी ६९० चा थांबा दिलाय तो फुग्यासाठीच. पण तेवढ्यानं भागणार नाही, कारण तुमच्या कॉइली बाजूला आहेत.

वरून तापणाऱ्या भट्टीत काच मधून मऊ होत बाहेर येते आणि हवा कडेनं निसटते. तुमच्याकडं उलट. कडा आधी मऊ होतात, दोन थर कडेला चिकटतात, खालचा थर फळीला बसतो आणि मधली हवा कोंडते. वर ताशी ३०० चा वेग. हवा फुगणारच.

काय करायचं. कडेनं उष्णता थेट लागू नये म्हणून प्लेटीभोवती सिरॅमिक फायबरची ५ सेंमी उंच पट्टी उभी करा, प्लेटीपासून दोन बोटं लांब. प्लेट कॉइलपासून निदान ६-७ सेंमी आत असू द्या. फळी भट्टीच्या तळावर टेकवू नका, ५ सेंमीच्या पायांवर उचला, खालून हवा फिरली पाहिजे. दोन थरांच्या मध्ये कडेला चार ठिकाणी त्याच काचेची चिमूटभर बारीक चूर ठेवा. वरचा थर तेवढा उचललेला राहतो आणि हवेला वाट मिळते.

फळी सपाट आहे का, स्टीलची पट्टी आडवी-उभी-तिरकी धरून बघा. मातीकामाच्या फळ्या वर्षानुवर्षं वजन घेऊन मध्ये खचतात. पट्टीखालून उजेड दिसला तर तिथंच फुगा येणार. त्या फळीवर १ मिमी फायबर पेपर अंथरा, त्यातून हवा जाते. पेपरातला चिकटवा पहिल्यांदा ३०० च्या आसपास जळतो, वास येतो, तेवढा वेळ झाकणाखाली सेंमीभर टेकू देऊन खिडकी उघडी ठेवा. वापरून झालेला पेपर भुगा होतो, तो झाडूनं झाडायचा नाही. मास्क लावून ओल्या फडक्यानं उचला.

आणि तो किलनवॉशचा जाड हात. जाड थर आत ओला राहतो, वरून कोरडा दिसतो. पाण्याची वाफ काचेखाली, मग फुगा. अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिन (चिनी माती) समभाग, त्याच्या एका भागाला पाच भाग पाणी, ताकासारखं पातळ. मऊ सपाट ब्रशनं चार हात: आडवा, उभा, दोन तिरके. फळी २६० पर्यंत तापवून २० मिनिटं धरा, मगच काच ठेवा. जून ते सप्टेंबर ही पायरी कधीच गाळायची नाही, उन्हात वाळवली म्हणून चालत नाही. आणि एकदा ८०० च्या वर गेलेला वॉश खरवडून नवा लावायचा. केओलिन त्या तापमानाला बदलतं आणि दुसऱ्या वेळी काचेला चिकटून पांढरे डाग सोडतं. अ‍ॅल्युमिना हायड्रेटसाठी लांब जायला नको, आपल्या बेळगावातच हिंडाल्कोच्या कारखान्यात ते बनतं. किलोच्या हिशेबात मातीकामाचं सामान विकणाऱ्याकडून घ्या.

आणखी एक. वितळलेली काच मोकळी सोडली की पृष्ठताणामुळं साधारण ६ मिमी जाडीला स्थिरावायला बघते. ८ मिमी ठेवलीत तर बाहेर पसरणार, २८ ची प्लेट थोडी मोठी आणि कडेला वेडीवाकडी निघेल. ३ मिमीचे दोन थर घेतलेत तर गोल गोल राहील. उलट एकच ३ मिमीचा थर पूर्ण वितळवलात तर तो आत ओढला जातो, कडेला काटे येतात आणि मध्ये भोक पडायची भीती.

निपाणीकर:

धुक्याचं सांगतो. तुमची दोन वेगळी धुकी आहेत, एक समजू नका.

पहिलं, सपाट प्लेटीवरचं सायीसारखं. ते काचेत स्फटिक धरल्यामुळं. साधारण ७२० च्या वर फ्लोट जितका वेळ राहील तितके स्फटिक वाढतात. तुमची ३० मिनिटं त्यालाच खतपाणी घालतात. वरती पटकन जायचं, १० मिनिटं थांबायचं, पटकन खाली यायचं. ८०० ला अर्धा तास थांबण्यापेक्षा ८२५ ला दहा मिनिटं बरी.

स्फटिक घाणीवर रुजतात. बोटांचे ठसे, कटरचं तेल, मार्करची शाई आणि बोअरचं पाणी. बोअरच्या पाण्यानं धुवून तसंच वाळवलंत तर क्षाराचे गोल ठिपके राहतात आणि भट्टीतून नेमके तेच गोल धुरकट होऊन निघतात, बघा ताडून. शेवटचं धुणं आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्यानं, सुती धुतलेल्या फडक्यानं लगेच पुसा, मग कडेलाच धरा.

तरी भीती वाटली तर टाकणखार. एक कप डिस्टिल्ड पाणी गरम करून एक चमचा टाकणखार विरघळवा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. वरच्या थरावर पातळ फवारा, पूर्ण वाळल्यावर भट्टीत. ओघळ आला तर पुसून परत मारा, ओघळाची रेघ काचेत उमटते.

दुसरं धुकं, साच्यात बसवल्यावर आतल्या बाजूचं, ते टिनचं, म्हणजे कथलाचं. फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगत तयार होते, पिल्किंग्टननं १९५९ मध्ये ही पद्धत जाहीर केली. त्यामुळं खालच्या बाजूला कथलाचा अतिसूक्ष्म थर उतरलेला असतो. वाटीचा आकार देताना वरची बाजू दाबली जाते. तीच कथलाची असेल तर तो थर सुरकुततो आणि धुकं दिसतं. घासून जात नाही. म्हणून कथलाची बाजू नेहमी खाली, साच्याकडं.

ओळखायला २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी दिवा लागतो. अंधारात काचेला तिरका उजेड द्या, कथलाची बाजू दुधाळ चमकते. नोटा तपासायचा दिवा ३६५ चा असतो, त्यावर काही दिसत नाही. यूव्ही-सी डोळ्यांना आणि कातडीला वाईट: चष्मा, पूर्ण बाह्या, दोन सेकंदात बघून बंद. काचवाल्याकडून अख्खी शीट घेतली की एकदाच बघून एका बाजूला कोपऱ्या-कोपऱ्यात कागदी पट्टी चिकटवा आणि कापताना प्रत्येक तुकड्यावर ती राहील असं बघा. धुताना काढा.

हां, आणि काचवाल्याकडचं भंगार घेत असाल तर टफन केलेली काच कापलीच जात नाही, भुगा होतो. लॅमिनेटेडमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. रिफ्लेक्टिव्हवर लेप असतो. तिन्ही नकोत.

शहापूरची_भट्टी:

तुकडे बघितले. साध्या प्लेटींचा तडा नदीसारखाच आहे, कडा धारदार. बांगडीवाल्यांत तीन ठिकाणी तुकड्याभोवती अर्धचंद्र. म्हणजे दोन्ही.

दोन शंका. हा प्रोग्रॅम सगळा धरून अठरा-वीस तासांचा होतो आणि मध्ये लाईट गेली तर काय? आणि बांगड्या अजिबात सोडायच्या का? गिऱ्हाइकाला तेच आवडतंय.

उद्यमबाग_९:

लाईट कुठल्या टप्प्यावर गेली त्यावर आहे. चढताना ५०० च्या खाली गेली तर झाकण न उघडता वाट बघा, परत आली की ताशी १०० नं चढवा. वर असताना गेली आणि अजून ६०० च्या वर आहे तोवर परत आली तर थेट ५५० च्या थांब्यावर जा. आकार अर्धवट राहिला असेल तर तो नंतर दुसऱ्या भाजणीत पूर्ण होतो. अ‍ॅनीलिंगच्या मध्येच गेली आणि ४०० पर्यंत उतरली, तरी घाबरू नका, सावकाश परत ५५० वर न्या आणि ९० मिनिटं पहिल्यापासून धरा. काच मागचं विसरते.

पण हे सगळं कळायला आकडा दिसला पाहिजे. कंट्रोलर तेवढा घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, कॉइल नाही. आणि लाईट आल्यावर तो थांबलेल्या जागेपासून सुरू करतो की पहिल्या पायरीपासून, हे रिकाम्या भट्टीत एकदा मेन बंद-चालू करून बघून ठेवा.

एसएसआर (कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असेल तर एक लक्षात घ्या: तो बिघडतो तेव्हा बहुतेक चालू अवस्थेतच अडकतो, मग कंट्रोलरनं बंद म्हटलं तरी कॉइल तापतच राहते. त्याच्या आधी कॉन्टॅक्टर (वीज तोडणारा यांत्रिक स्विच) घालून कंट्रोलरच्या अलार्मवर जोडा, अलार्म ८६० ला. ४ किलोवॅट म्हणजे साडेसतरा अँपिअर. मीटरपासून वेगळी लाईन, ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी, अर्थिंग मोजून घेतलेलं.

निपाणीकर:

बांगड्या सोडायच्या नाहीत, निवडायच्या. चाचणी सोपी आहे. तुमच्याच फ्लोटची ४ सेंमी रुंद लांब पट्टी घ्या. तिच्यावर प्रत्येक रंगाच्या बांगडीचा सेंटिमीटरभर तुकडा, मध्ये तीन-तीन सेंमी जागा सोडून. आणि एका टोकाला त्याच फ्लोटचा तुकडा. हा महत्त्वाचा, गाळू नका. पूर्ण वितळवा, पूर्ण अ‍ॅनीलिंग द्या.

मग लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करा, त्यावर पट्टी धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवत पडदा काळा होईल तिथं थांबा. तुकड्याभोवती उजेडाचं कडं दिसलं तर ताण आहे, ती बांगडी बाद. काळंच राहिलं तर जमतंय. आणि टोकाच्या फ्लोटच्या तुकड्याभोवतीसुद्धा उजेड दिसला तर दोष बांगडीचा नाही, तुमचं अ‍ॅनीलिंग कमी पडलंय. आधी ते नीट करा, मग पट्टी परत लावा.

बांगडीवरचा सोनेरी रंग आणि चमकी आधी घासून काढा, त्याखाली फेस येतो. नवी पेटी आणली की नवी पट्टी, दुकान तेच असलं तरी.

खानापूर_माती:

साच्यांचं राहिलं. वाटीसाठी आतून बसवायला मातीचा साचा घ्या, आमच्याकडं खानापुरात चाकावर करून मिळतो. कुंभाराला सांगायचं: भिंत ८ ते १० मिमी, आतून गुळगुळीत, कड सपाट, कुठंही आत वळलेली नको, बुडाला सगळ्यात खोल जागी ३ मिमीचं भोक. भोक नसेल तर काच खाली बसताना हवा अडते आणि बूड वर उचललेलं राहतं. झिलई अजिबात नको. साचा भट्टीत बारीक पायांवर ठेवा, नाहीतर भोकातून निघालेली हवा जाणार कुठं.

उपडा आकार हवा असेल तर माती वापरू नका, स्टीलचा डबा किंवा तांब्या वापरा. गार होताना माती काचेपेक्षा कमी आक्रसते, काच तिच्यावर आवळली जाते आणि फुटते. स्टील काचेच्या जवळजवळ दुप्पट आक्रसतं, आपोआप सुटतं. स्टील आधी २०० पर्यंत गरम करून त्यावर वॉश मारा, गारवर मारलात तर थेंब होऊन घसरतो.

बसवायच्या भाजणीत ती प्लेट आता एकसंध ८ मिमी आहे, तेव्हा ताशी १०० च्या वर चढू नका. ७०० पासून दर पाच मिनिटांनी डोकावणीच्या भोकातून बघा, ५ सेंमी खोल साच्यात साधारण ७००-७१५ च्या मध्ये बसते. बूड टेकलं की लगेच पुढच्या पायरीवर. जास्त थांबलात तर कड एका बाजूनं घसरते. अ‍ॅनीलिंग परत पहिल्यासारखंच, पूर्ण.

शहापूरची_भट्टी:

पट्टीची चाचणी या आठवड्यात लावते. बांगड्यांचे अकरा रंग आहेत. तडकलेल्या साध्या प्लेटी परत वितळवल्या तर चालतील का?

उद्यमबाग_९:

ज्यांत बांगडी नाही त्या चालतील. तड्याच्या कडा घासू नका, धुवून घट्ट जोडून ठेवा, हाच प्रोग्रॅम. जोड पूर्ण मिटत नाही, तिरक्या उजेडात रेघ दिसते. त्यापेक्षा वरून ३ मिमीचा नवा थर घाला. मात्र तसं केलंत तर जाडी ११ मिमी होईल, भोवती फायबरचा बांध घाला आणि ५५० ला दोन तास धरा. चढ ताशी १०० च ठेवा, जुनी प्लेट अजून ताणात आहे, तापताना आधी तीच फुटेल.